हँडिकॅप उतरवायचा तर सराव कशाचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संध्याकाळी गोल्फच्या कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) पाहा, बादलीतले निम्म्याहून जास्त चेंडू ड्रायव्हरनेच, म्हणजे सर्वात लांब मारणाऱ्या क्लबनेच, मारले जातात. याउलट सल्ला देणारे सांगतात, रेंज सोडा, फक्त पटिंग (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, चेंडू भोकाकडे घरंगळवणे) करा. हौशी खेळाडूचा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) या दोन्हींमुळे अडून राहतो, म्हणून हे पत्र.

2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरली जाते. एखाद्या होलवर (टी या सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतच्या टप्प्यात) दहा फटके लागले तरी हिशेबात पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक दोन, अधिक हँडिकॅपनुसार त्या होलवर मिळणारी सवलत, एवढेच मोजतात. म्हणजे एखाद्या होलवरचा अनर्थ फारसा नडत नाही. नडतो तो बऱ्या दिवशीही प्रत्येक फेरीत सांडणारा एकेक फटका. तो कुठे सांडतो, हे आधी मोजा. पाच फेऱ्यांच्या स्कोअरकार्डवर चारच गोष्टी टिपा: दंडाचे फटके, ग्रीनकडे मारताना कमी पडलेले चेंडू, चिप करूनही (ग्रीनलगतून छोटा फटका मारूनही) ग्रीनबाहेर राहिलेले चेंडू आणि एकाच ग्रीनवर लागलेले तीन पट, म्हणजे पटिंगचे तीन फटके.

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्या-फटक्याचे मोल मोजले. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असे त्यांना आढळले. म्हणून 18 च्या आसपास हँडिकॅप असलेल्याने सरावाचा अर्धा वेळ लोखंडी क्लबना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सात नंबरच्या लोखंडी क्लबने दहा चेंडू मारा आणि ते जमिनीला कुठे टेकतात ते पाहा. सर्वात लांब गेलेला विसरा. मधले सहा-सात जिथे पडले, ते तुमचे खरे अंतर. बहुतेक जण एखाद्या अफलातून फटक्याचे अंतर धरून क्लब निवडतात, आणि चेंडू ग्रीनपुढच्या बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) जातो. त्यानंतर प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य दोन्ही बदला. एकाच क्लबने ओळीने तीस चेंडू मारले की हात बसल्यासारखा वाटतो, पण मैदानावर तोच फटका लागोपाठ दुसऱ्यांदा मारायला मिळत नाही.

टीवरून लांबीपेक्षा चेंडू खेळात राहणे मोलाचे. हद्दीबाहेर गेला तर पुन्हा टीवरून तिसरा फटका मारावा लागतो. रेंजवरच्या दोन खुणांमध्ये 35 यार्डांचा पट्टा ठरवा. दहापैकी आठ त्यात पडेनात, तर अरुंद होलवर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या.

चिपिंगमध्ये चूक एकच, पण सार्वत्रिक: चेंडू उचलायला जाणे. वजन मागच्या पायावर जाते. मग क्लब एकतर आधी मातीत रुततो किंवा कडेने चेंडूच्या पोटावर बसतो आणि चेंडू ग्रीनपार पळतो. वजन सुरुवातीपासून पुढच्या पायावर ठेवा, चेंडू ग्रीनच्या कडेपासून तीन फूट आत टाका आणि उरलेले अंतर त्याला घरंगळू द्या. उचलायचे काम क्लबच्या तोंडाच्या उताराचे.

पटिंगचा वेळ दोनच ठिकाणी घाला. 30 ते 50 फुटांवरून प्रत्येक वेळी वेगळ्या अंतराचा पट मारून चेंडू भोकाच्या तीन फुटांत आणा, कारण तीन पट बहुधा दिशेने नव्हे, वेगाने चुकतात. मग तीन ते सहा फुटांचे पट चारही बाजूंनी. वीस फुटांवरून चेंडू आत घालण्याच्या सरावात वेळ घालवू नका. तिथून व्यावसायिकही बहुतेक वेळा चुकतात.

गोल्फची मैदाने चालवणाऱ्या क्लबांच्या व्यवस्थापनाला एक विनंती. रबरी मॅटवर चेंडूच्या मागे लागलेला क्लब घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो; चूक दिसतच नाही. पावसाळ्यातल्या मऊ जमिनीवर तोच फटका वीस यार्ड कमी पडतो. म्हणून रेंजवर आठवड्यातून एक-दोन दिवस तरी गवताची पट्टी खुली ठेवावी. पटिंग ग्रीनवर चिपिंगला मनाई करणे योग्यच आहे, पण मग चिपिंगसाठी एक लहान ग्रीन वेगळे द्यावे.

आपला,
एक गोल्फ प्रशिक्षक, पुणे