आधीच हो म्हणून कळवलंय

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा म्हणतात "बघ, तुला कळतंय ते" आणि आई गॅसवर काहीतरी आहे म्हणून उठते, म्हणून लिहितोय. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या विट्स युनिव्हर्सिटीला, दगडात सापडणाऱ्या जुन्या प्राण्यांच्या जीवाश्मांच्या अभ्यासासाठी, मी हो कळवलंय. दोनच वर्षं आहेत.

बाबा, तुम्ही विचारलेलं दगडच बघायचे तर खानापुरात काय कमी आहेत. भरपूर आहेत ओ, पण आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि गोकाकच्या धबधब्याचा दगड इतका जुना की तेव्हा हाडं असलेला प्राणीच नव्हता. माझे प्राणी मधल्या काळातले, त्याला मी तरी काय करू! तिकडे कारूच्या कोरड्या मुलखात थरावर थर आहेत, त्यात जो प्राणी सापडतो त्याचं नाव त्या पट्ट्याला. खाली डॅप्टोसेफॅलस, वर लिस्ट्रोसॉरस, आणि त्यादरम्यान 25.2 कोटी वर्षांपूर्वी बहुतेक सगळं मेलं. लिस्ट्रोसॉरस दोन सुळ्यांचा, डुकराएवढा, तो तगला. बंगालात आसनसोलकडेपण सापडतो, भारत-आफ्रिका तेव्हा जोडलेलेच होते ना. त्याच पट्ट्यात थ्रिनॅक्सोडॉन, मांजराएवढा, बिळात राहणारा, पुढचे दात वेगळे, सुळे वेगळे, दाढा वेगळ्या. आपल्या सस्तन प्राण्यांच्या घराण्यातलाच की तो, आणि मला हाच बघायचाय.

आई, तू मलप्रभेतले गोटे खिशात भरून आणले म्हणून किती शिव्या घालायचीस, त्यातला एक चपटा तूच लोणच्याच्या खारावर ठेवायला घेतलास. अजून आहे का गं तो?

खाण्याचं टेन्शन नको, तांदूळ, तूरडाळ सगळं मिळतं तिकडे. खोलीला हीटर आहे. आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, तुमचं जेवण होईस्तोवर माझी संध्याकाळ, रोज व्हिडिओ कॉल करणार.

आता ऐका. बाबांनी कौलं शाकारायला स्वतः चढायचं नाही, गेल्या पावसाळ्यात झालं तेवढं पुरे. म्हातारे झालात असं म्हणत नाहीये, गडी मिळतात म्हणून म्हणतोय. शुगर दर तीन महिन्यांनी, रिपोर्टचा फोटो मला, "नॉर्मल आहे" एवढं चालणार नाही. आई, गुडघ्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस, आणि रात्रीचा शिळा भात तू एकटीनेच संपवायचा हे बंद कर.

आणि मांडे द्यायच्या भानगडीत पडू नको, बॅगेत चुरा होतो. कुंदा चालेल, पण अर्धाच किलो.

तुमचा,
बाळ्या