डब्यासोबत

शनिवार पेठ, पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद. विलासच्या हाती डबा पाठवते आहे. वरच्या खणात चकल्या, खाली ईरासाठी बेसनाचे लाडू. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू नुसता अंगठा टाकतोस आणि फोन केला की "आई, गिऱ्हाईक आहे." म्हणून कागद. यावर तरी अंगठा उठवू नकोस, सही करण्याइतकं शिकवलंय तुला.

खंडेनवमीला छापखान्यात मी बोलले ते विलाससमोर बोलायला नको होतं. हळदकुंकू वाहायला गेले, कोपऱ्यातला संगणक सुरू झाला, पडद्यावर विंडोज सेव्हनची ती चार रंगांची खूण उमटली आणि माझा तोल गेला. पूजेच्या दिवशी हत्याराला नावं ठेवू नयेत. तू म्हणालास, "तूच आणलास ना तो?" खरंय. २०१२ साली छपाईचं जुनं ट्रेडल यंत्र मोडीत काढून आलेल्या पैशात माझी भिशी घालून आणला. ट्रेडल गेलं त्या रात्री तुझे बाबा जेवले नव्हते. तेव्हा जुन्या यंत्रासाठी जीव तुटतो तो मला कळत नाही असं समजू नकोस. त्या संगणकाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

ईराचा खोकला कसा आहे? सोनलला म्हणावं, रात्री आलं-मध दे, बाटलीतलं औषध आपापल्या मनानं वाढवू नकोस. ईराच्या लॅपटॉपवर विंडोज टेन आहे ना? त्याची मुदत परवा चौदा तारखेला संपली. घरगुती वापराला आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पण नोंदणी करावी लागते. ती करून टाक. टेनची ही गत, आणि आपलं सेव्हन १४ जानेवारी २०२०लाच संपलेलं. गेली पावणेसहा वर्षं त्याला वाली नाही.

बघ, आलेच परत तिथं.

आता आलेच आहे तर ऐक. "चालतंय ना, मग?" असं तू म्हणतोस. चालतंय, कोण नाही म्हणतंय? पण यंत्र चालणं वेगळं आणि त्याचं दार लागणं वेगळं. नव्या विंडोजमध्ये भोक सापडलं की मायक्रोसॉफ्ट ते बुजवते आणि तसं जाहीर करते. नव्यातला बराचसा भाग जुन्यावरूनच आलेला असतो. म्हणजे दर महिन्याच्या दुरुस्तीबरोबर चोरालाही कळतं, जुन्यात कुठं हात घालून बघायचा. आपल्या कोपऱ्यातलं ते भोक कुणी बुजवणार नाही. अँटिव्हायरसचं सांगू नकोस. भिंतच पडलेली असताना दारात गुरखा बसवून काय उपयोग? क्रोमसुद्धा १०९व्या आवृत्तीवर थांबलंय तिथं, आणि त्याच क्रोममधून तू कागदवाल्यांचे पैसे पाठवतोस.

२०१७च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आठवतं, फाइली अडकवून खंडणी मागणारं? त्यावरचा इलाज मार्चमध्येच देऊन ठेवला होता. ज्यांनी घेतला नाही ते अडकले, आणि त्यातली बहुतेक यंत्रं सेव्हनचीच. इंग्लंडात सरकारी इस्पितळांनी रुग्ण परत पाठवले. कुणी काही उघडायचीही गरज नव्हती, एका यंत्रातून दुसऱ्यात ते आपोआप पसरत होतं. तेव्हा सेव्हनला इलाज मिळत तरी होता रे.

आणि लांब कशाला, आपल्याच बोळातले ते हिशेबनीस. सकाळी दुकान उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढं भलतीच शेपटं, आणि एक चिठ्ठी, बिटकॉइनमध्ये पैसे भरा म्हणून. त्यांची बॅकअपची डिस्कही संगणकाला लावलेलीच होती, तीही गेली. गृहस्थ दोन दिवस पायरीवर बसून होते. मी चहा नेऊन दिला, तर कप हातातच धरून बसले.

पानशेतच्या वेळी मामंजी असेच बसले होते म्हणे. १२ जुलै १९६१. लोक ओरडत पळत होते आणि हे म्हणत होते, मुठेचं पाणी आपल्या पायरीवर कधी चढलेलं नाही. पाणी ओसरल्यावर छपाईच्या अक्षरांच्या केसेस पालथ्या आणि शिशाचे सगळे खिळे चिखलात. सासूबाई घमेल्यात खिळे धूत, आणि मामंजी उन्हात एकेक अक्षर निवडून केसमधल्या त्याच्या घरात टाकत. क, ख, काना, वेलांटी. माझं लग्न होऊन मी आले तेव्हाही एखाद्या केसमध्ये वाळलेली माती निघायची. पण ते शिसं होतं, निखिल. धुतलं की परत अक्षर व्हायचं.

आपल्याकडे आता काय आहे? त्या कुलवृत्तांताची नऊशे पानं, माणसांची नावं, पत्ते, जन्मतारखा. आजगावकर आजींच्या आठवणी, ज्यांची हस्तलिखितं आपण टाइप करून झाल्यावर परत केली आणि त्यांनी रद्दीत घातली. विश्वासानं दिलेलं आहे हे सगळं. तुला हे मी सांगायला हवं का? लॉकडाउनमध्ये लग्नपत्रिका थांबल्या, बाबा म्हणाले शटर ओढू या, तेव्हा तू एकट्यानं रात्री जागून ती पुस्तकं उभी केलीस. बाबा तुझ्या तोंडावर कधी बोलले नाहीत, पण त्यातलं पहिलं पुस्तक अजून उशाशी आहे.

जरा जास्तच झालं का? राग मानू नकोस. सकाळी अनारसे हसले, त्याचा राग तुझ्यावर निघाला असेल.

काल विलास आला होता. मी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, दादा माझ्यासाठी ठेवतायत तो. मला नवीन जमत नाही." पानं लावायच्या पेजमेकरची २००१ची शेवटची आवृत्ती, जुने फाँट आणि संगणकाला लावायची त्यांची ती किल्ली, डोंगल, यावरच त्याची बोटं बसलेली. तू मला हे का नाही सांगितलंस? मला वाटलं, तू पैशाकडे बघतोयस. मी उगीच चारचौघांत बोलले.

तर असं कर. तो संगणक टाकू नकोस. त्याची नेटची वायर मात्र आज काढ, आजच. वायफायचा तो छोटा तुकडाही. बँकेचं काम दुसऱ्या यंत्रावर. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तिथं थेट लावायचा नाही, आधी नव्यावर तपासायचा. कुलवृत्तांताची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घे आणि ती डिस्क काढून माझ्या कपाटात आणून ठेव. देव न करो, पण पैशाचं काही विपरीत झालंच तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकाला फोन, मग मला.

विलासला म्हणावं, नव्या युनिकोड फाँटमध्येही जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरचा कळफलक मिळतो, बोटं बदलावी लागत नाहीत. भाऊबीज झाली की दुपारी तासभर येत जाईन मी. मलाही कुणीतरी शिकवलंच होतं, आणि तेव्हा तू टेबलाखाली झोपलेला असायचास, पायाला माझ्या पदराचं टोक गुंडाळून.

उद्या वसुबारस. संध्याकाळी ईराला घेऊन ये. बाबा विचारत नाहीत, पण दोनदा गॅलरीत जाऊन आले.

डब्याचं झाकण जपून, निळ्या पट्टीचं. मागचं अजून आलेलं नाही.

तुझी
आई

ता. क. वायर काढलीस की विलासजवळ निरोप दे. अंगठा चालेल.