एक डोळा झाकून तपासणी पुरी होत नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी, आहे. विशी-पंचविशीतली मुलंमुली माझ्याकडे येतात ती एकच तक्रार घेऊन : "नंबर नाही म्हणतात, पण वाचायला बसलं की अर्ध्या तासात अक्षरं हलतात, कपाळ दुखतं." हातात 6/6, म्हणजे नजर पूर्ण, असं लिहिलेला कागद असतो. तो खोटा नसतो. एक डोळा झाकून दुसरा तपासला की तेवढंच कळतं. पण पुस्तक कुणी एका डोळ्याने वाचत नाही.

नजर तपासायचा अक्षरांचा स्नेलेनचा तक्ता 1862 सालचा. दोन डोळ्यांच्या किंचित वेगळ्या चित्रांतून खोली कशी दिसते, हे व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याआधीच, 1838 मध्ये दाखवलं होतं. तक्ता सर्वत्र पोहोचला. डोळ्यांची जोडी तपासणं मात्र मागे राहिलं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण हे मोजणं अवघड नाही. जवळचं पाहताना दोन्ही डोळे आत वळावे लागतात. एक बारीक अक्षर हळूहळू नाकाकडे आणायचं. त्याची दोन दिसू लागली किंवा एक डोळा बाहेर सरकला की थांबून पट्टीने अंतर मोजायचं. तरुणांत ते साधारण 6 सेंटिमीटरच्या आत हवं. हे एकदाच करून भागत नाही. पहिल्या खेपेला छान जमवणारे काहीजण चौथ्या-पाचव्या खेपेला ढेपाळतात, आणि त्यांची तक्रारही नेमकी तशीच असते : सुरुवातीला ठीक, मग थकवा.

पुढची पायरी कव्हर टेस्टची. झाकल्यावर डोळा किती ढळतो ते कळतं, आणि तो ढळ सावरायला किती ताकद शिल्लक आहे ते प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या पाचरीसारख्या काचेने, मोजता येतं. शेअर्डचा जुना नियम सांगतो की ही शिल्लक ढळाच्या निदान दुप्पट हवी. नुसता ढळ लिहिला आणि शिल्लक लिहिलीच नाही, तर तो आकडा अर्धवट राहतो.

तक्रारी मोजायला 15 प्रश्नांची प्रश्नावली आहे. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. तिच्यात मुलांसाठी 16 गुणांची सीमारेषा आहे, प्रौढांसाठी 21 ची. म्हणजे मुलांचं माप तरुणांना लावून चालत नाही. उपचारांचंही तसंच. डोळे आत वळवायला त्रास होणाऱ्या मुलांवरच्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दवाखान्यात 12 आठवडे व्यायाम करून घेतलेल्यांपैकी सुमारे 73 टक्क्यांना गुण आला. घरी फक्त पेन्सिल नाकाकडे आणत तिच्याकडे पाहण्याचा व्यायाम करणाऱ्यांत तो सुमारे 43 टक्क्यांना आला. पण ती मुलं 9 ते 17 वर्षांची होती.

म्हणून विनंती अशी : महाविद्यालयीन प्रवेशाच्या आणि नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ही मोजमापं घ्यावीत, आकड्यांत नोंदवावीत, आणि तरुणांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्येक केंद्राला प्रिझमची एक पट्टी आणि ती वापरायला शिकलेला माणूस द्यावा. शिकवायला मी बोलवाल तिथे येईन.

आपली,
एक ऑप्टोमेट्रिस्ट