चार वाजताची परीक्षा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, ऑफिसच्या आजूबाजूला खायला शंभर ठिकाणं आहेत, पण जेवायला एक नाही." हे वाक्य मी आईला दोनदा ऐकवलं. खाणं आणि जेवणं यांतला फरक तुला एवढ्यात कळला. मला तो कळायला फिरतीच्या नोकरीत पोट बिघडावं लागलं.

भर शहरात हमरस्त्यावर जागेचं भाडं एवढं असतं, की साधं रोजचं जेवण विकून ते निघणं अवघड. मग झगमगाट येतो, बारा पानी मेनू येतो. एवढं सगळं रोज ताजं कोण करणार? तू एक गल्ली आत वळ, नाहीतर एखादा जिना चढ. फळ्यावर खडूनं चार पदार्थ लिहिलेत आणि दीड वाजताच त्यातला एक पुसलाय, असं दिसलं की खुशाल बस. तिथे मोजून शिजवतात, शिळं उरत नाही.

गर्दी बघ, पण कुणाची ते बघ. फोटो काढणारे एकदाच येतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले, शेजारच्या दुकानांतले नोकर, पार्सलं पोचवणारी पोरं रोज येतात. रोजच्या गिऱ्हाइकाला फसवून धंदा चालत नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा. जेवण वाफाळतं हवं. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळलं की जंतू भराभर वाढतात, म्हणून ते दोन तासांच्या वर तसंच बाहेर ठेवू नये म्हणतात. माझं पोट बिघडलं ते अशाच एका चकचकीत हॉटेलात, दुपारी तीन वाजता, कोमट ताटावर. "गरम करून आणा" म्हणायची मला लाज वाटली होती. तू लाजू नकोस, आणि शक्यतो साडेबारा-एकलाच जेवून घे.

चवीचा निकाल पहिल्या घासाला लावू नकोस. पहिल्या घासाला तेल-मीठच बाजी मारतं. खरी परीक्षा चार वाजता: घसा सुकतोय का, डोळे मिटतायत का, की जेवलो होतो हेच विसरायला झालंय? विसरायला झालं तर ती जागा धर. आठवडाभर गेलीस की न सांगता तुझ्या ताटात मीठ बेतानं घालायला लागतील. आईच्या हातची चव काही शोधत बसू नकोस. चुकून सापडलीच, तर घरी बोलू नकोस.

अशा जागांचं गिऱ्हाईक ऑफिसांचं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पुष्कळदा कुलूप असतं. त्या दिवशी स्वतः काहीतरी शिजव.

आई शेजारी बसून म्हणतेय, "तिला डबा न्यायला सांगा." सांगितलं.

तुझे,
बाबा