यंत्राच्या कोटेशनआधी पैशाचा हिशेब

महोदय,

नव्या उद्योजकांसाठीच्या अनुदान योजनांची माहिती आपल्या दैनिकात वेळोवेळी येते, ती उपयोगाचीच असते. पण जिल्हा उद्योग केंद्रात येणाऱ्या तरुणाचा पहिला प्रश्न 'सबसिडी किती?' हाच असतो, आणि उद्योग सुरू झाल्यावर तो अडतो मात्र खेळत्या भांडवलात, म्हणजे रोजच्या खरेदी-विक्रीला लागणाऱ्या पैशात. पैसा कधी जातो, कधी परत येतो, मधल्या काळात तो कोण देतो आणि कोणत्या नियमाने देतो, हे यंत्राचे कोटेशन घेण्याआधी समजून घ्यायला हवे.

लातूर-उदगीर भागातली डाळ मिल घ्या. तूर बाजारात येते ती मुख्यतः जानेवारी ते मार्च. आडतीवर माल घेतला की शेतकऱ्याची पट्टी लगेच चुकती करायची. डाळ मात्र वर्षभर विकायची, तीही महिना-दीड महिन्याच्या उधारीवर. छोट्या उद्योगाचे खेळते भांडवल बँका रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या सूत्राने काढतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही गरज, त्यापैकी उलाढालीच्या २० टक्के बँक देणार, ५ टक्के उद्योजकाने घालायचे. उलाढाल दोन कोटी धरली तर बँकेचे ४० लाख, घरचे १०. पैसा साधारण तीन महिन्यांत एक फेरा पुरा करतो, असे गृहीत धरून हे सूत्र बेतले आहे. तुरीचा सहा महिन्यांचा माल भरायचा म्हटले तर गोदामातच ऐंशी-नव्वद लाख अडकतात. उरलेली रक्कम सावकाराकडून दरमहा दोन-तीन टक्क्यांनी उचलली, की डाळीतली सगळी कमाई व्याजात जाते.

यावर उपाय आहे. सूत्रातले २० टक्के ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. प्रकल्प अहवालात महिन्यागणिक येणी-देणी मांडून हंगामाची आणि बिगरहंगामाची मर्यादा वेगवेगळी मागता येते. बहुतेक अहवाल दुसऱ्याच्या अहवालावरून उतरवलेले असल्याने त्यात ही मागणी नसतेच, आणि नसलेली मागणी बँक आपणहून मंजूर करत नाही. दुसरा मार्ग म्हणजे काही माल 'डब्ल्यूडीआरए' या केंद्राच्या वखार नियामकाकडे नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक वखार पावतीवर कर्ज घेणे. साठा किती करता येईल यालाही सरकारचा लगाम असतो. जून २०२४ मध्ये केंद्राने तूर आणि हरभऱ्यावर मर्यादा घातली तेव्हा मिलला गेल्या तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे जास्त, तेवढाच साठा ठेवता येत होता. भाव चढेल म्हणून माल दाबून ठेवण्यावर ज्याचा धंदा उभा आहे, त्याने हा धोका आधीच धरावा.

मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम यांतही फरक असतो. कॅश क्रेडिट खात्यावर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्यावर, दरमहा स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचे विवरण) द्यावे लागते आणि त्यावरून 'ड्रॉइंग पॉवर', म्हणजे उचलीची मर्यादा, ठरते. माल ६० लाखांचा, त्यातला २० लाखांचा उधारीवर आणलेला, तर हिशेबात धरतात ४० लाख. त्यातून २५ टक्के मार्जिन (उद्योजकाचा स्वतःचा वाटा) वजा केले की उरतात ३० लाख. मर्यादा ४० लाखांची असली तरी उचल तीसचीच. तुरीचा भाव पडला की तीही आपोआप घटते. स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुने झाले तर त्यावरची उचल अनियमित धरतात, आणि तशी ९० दिवस चालली की खाते एनपीए, म्हणजे थकीत. हप्ते वेळेवर भरणारेही या कागदापायी अडचणीत येतात.

जीएसटीत 'आपला माल करमुक्त आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. सुटी डाळ करमुक्त आहे, म्हणूनच यंत्रावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट (विक्रीवरच्या करातून वजावट) मिळत नाही आणि तो कर यंत्राच्या किमतीत धरावा लागतो. लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पाकिटात विकली तर ५ टक्के कर लागतो, पण क्रेडिट मिळते. छोट्या करदात्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत कागदपत्रे कमी, मात्र राज्याबाहेर विक्री करता येत नाही. ज्याचे गिऱ्हाईक हैदराबाद किंवा बिदरला आहे, त्याच्या ती कामाची नाही.

उधारी वसूल करण्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मोठ्या उपयोगाची आहे. ती मोफत आहे, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे देणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. करारात ९० दिवस लिहिले तरी कायदा ४५ दिवसच मानतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. पण नोंदणी माल देण्याआधीची असावी, उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. वाळूज किंवा शेंद्र्यातल्या कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्यांनी खरेदीदार 'ट्रेड्स'वर, म्हणजे बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, आहे का, हेही विचारावे. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. खरेदीदाराने बिल तिथे मान्य केले की मुदतीआधी पैसे मिळू शकतात.

आता रोजचा गल्ला कुठे ठेवायचा, याविषयी. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या आणि ठेवीदारांबरोबर अनेक छोट्या व्यावसायिकांचे खेळते भांडवलही गेले. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि ठेव विमाही नसतो. व्यापारी, ग्रामीण आणि सहकारी बँकांत मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. एकल मालकीच्या दुकानाचे खाते आणि मालकाचे बचत खाते एकाच बँकेत असेल तर दोन्ही मिळून एकच मर्यादा धरतात. दीड-दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या फलकापुढे थांबण्याआधी एवढे तपासावे.

भावकीतून, मित्रांकडून रोखीने हातउसने घेण्याची आपल्याकडे रीत आहे. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घेतली, तर आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पैसे खात्यावरच घ्यावेत. कर्जाचा अर्ज करण्याआधी आपला आणि जामीनदाराचा क्रेडिट रिपोर्ट पाहावा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना वर्षातून एकदा तो मोफत द्यावा लागतो. जुने पीककर्ज तडजोडीत मिटवले असेल तर त्यात 'सेटल्ड' असा शेरा दिसतो. शाखाधिकारी त्याविषयी विचारतोच, तेव्हा बँकेचा बेबाकी दाखला सोबत न्यावा.

अनुदानाबद्दलही एक स्पष्ट करायला हवे. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ते हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि पडताळणीनंतर कर्जात वळते होते. त्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा खराच, पण तोपर्यंत तूर विकत घ्यायला त्याचा उपयोग नाही.

म्हणून एक सूचना. जिल्हा उद्योग केंद्रे आणि आरसेटीच्या (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या) उद्योजकता प्रशिक्षणात प्रेरणादायी व्याख्यानांची एक-दोन सत्रे कमी करावीत. त्या वेळात प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून स्वतःच्या नियोजित धंद्याचा बारा महिन्यांचा येणी-देणी तक्ता, एक स्टॉक स्टेटमेंट आणि एक जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र हाताने भरून घ्यावे, आणि ते तपासायला जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचा कर्ज विभागातला अधिकारी बसवावा.

– बँकिंग व करसल्ला क्षेत्रातील काही वाचक, लातूर