चिमीचा उजवा हात

सांगली,
रविवार

प्रिय सुहास,
स. न.

परवा फोनवर तू ताईच्या बाळाचं सांगितलंस आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिलो. शेजारी चिमी बसलेली, टीव्ही चालू, त्यात असलं काही मला फोनवर बोलता येत नाही हे तुला कॉलेजपासून ठाऊक आहे. म्हणून पत्र. लांबेल, चहा घेऊन बस.

डॉक्टरांनी ताईला ‘एर्ब्स पाल्सी’ सांगितलंय ना, तेच आमच्या चिमीचं. बाळंतपणात डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला की मानेतून हाताकडे जाणाऱ्या ५ नसांच्या जुडग्यावर ताण येतो. नस नुसती ताणली गेली असेल तर ती आपली आपण सुधारते, बहुतेक बाळांचं तसंच होतं. तुटली असेल तर मात्र नाही. आणि पहिल्या दिवसांत बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, हात अंगालगत लुळा, तळवा मागे वळलेला. त्यामुळे ताईला सांग, आत्ताच हाय खाऊ नको, पण ‘होईल हळूहळू’ म्हणून गप्पही बसू नको. ३ महिन्यांच्या आसपास बाळ कोपर वाकवतंय का, यावर पुढचं बरंच ठरतं. वाकवत नसेल तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायचंच. ती पहिल्या वर्षात झालेली बरी, कारण नसेविना फार दिवस राहिलेला स्नायू मग कामाला येत नाही.

अंग चोळायला बाई येत असतील तर त्यांनाही बजावून ठेवा. तो हात ओढायचा नाही, बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. झबलं घालताना तो हात आधी, काढताना शेवटी.

आता तुझा प्रश्न, ताईला धीर कसा द्यायचा. धीर-बिर देऊ नकोस रे. तिला एक वही आणून दे.

नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. चिमीच्या पोटरीतली नस काढून मानेत जोडली, त्यानंतर महिनोन् महिने काही म्हणजे काही झालं नाही. मानेपासून दंडापर्यंत पट्टी लावून बघ, मग कळेल किती वाट बघायची ते. रोज बघणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. मग एका सकाळी न्हाऊ घातल्यावर बायको तिला दारातल्या उन्हात पुसत होती आणि दंडावरची कातडी हलली. हात नाही हलला. माशी बसली की बैलाची कातडी थरथरते ना, तेवढंच, आणि थांबलं. बायकोने मला हाक मारली. आम्ही दोघं त्या एवढ्याशा दंडाकडे टक लावून उकिडवे बसलो. पुन्हा झालं. फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या, स्नायू जागा झाला. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला. आई म्हणाली, कशाबद्दल रे, हात तर तसाच लोंबतोय! काय सांगणार? बायकोने वहीत तारीख घातली, तीच वहीतली पहिली नोंद.

पुढे नोंदी वाढत गेल्या. चिमी बिस्कीट तोंडाशी न्यायची ते कोपर पार खांद्यापर्यंत उचलून. कोपर अंगाजवळ ठेवून पहिल्यांदा नेलं, ते लिहिलंय. गणपतीच्या आरतीची तर दोन वर्षांची गंमत आहे. पहिल्या वर्षी टाळ्या वाजवताना उजवा हात जागच्या जागी आणि डावा येऊन त्यावर आपटायचा. दुसऱ्या वर्षी उजवाही बोटभर पुढे सरकला. आरती म्हणणाऱ्या बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. आम्ही दोघं मात्र ‘घालीन लोटांगण’ सोडून एकमेकांकडे बघत होतो.

उजवाच हात असल्यामुळे जेवायची डाव्याने. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काकू म्हणाल्याच, “बाळा, उजव्या हाताने जेवावं.” माझी आई, जी मला डाव्या हाताने पाणी दिलं तरी ओरडायची, ती म्हणाली, “तुम्ही तुमचं जेवा हो.” वहीत हेही लिहिलंय. हा टप्पा चिमीचा नसून आईचा होता, पण छोटा नव्हता.

एका गोष्टीबाबत मात्र ताईला आधीच सावध कर. पाहुणे आले की ‘काकांना हात वर करून दाखव बरं’ हा प्रकार सुरू होतो. माणसं प्रेमानेच करतात, टाळ्याही वाजवतात. पण पोरगी चौथ्या काकांपर्यंत येईतो हात फ्रॉकच्या खिशात घालायला लागली. तिथेच आम्ही ते बंद केलं. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म, जन्म १८५९, त्याचा डावा हात जन्मताना असाच अधू झाला होता. त्याचे फोटो काढून बघ, तो हात कधी तलवारीच्या मुठीवर, कधी हातात मोजे धरलेले. सम्राटावर ही पाळी, मग आपल्या पोरांचं काय?

दवाखान्यात ठरलेल्या हालचाली बघतात, हात तोंडाशी, मानेमागे, पाठीमागे, बाजूला वर, बाहेरच्या बाजूला. गुण देतात. ते हवंच. पण चिमीला त्या गुणांचं काय सोयरसुतक! तिला हेअरबँड स्वतः लावायचा होता. हात मानेमागे न्यायच्या व्यायामाला रडून गोंधळ घालायची आणि हेअरबँडसाठी आरशासमोर तासन् तास झुंजायची. मान वाकडी करायची, डोकंच हाताकडे न्यायची, बँड कानावर अडकायचा. शेवटी लागला. तिरका, पण दोन्ही हातांनी. शाळेत कुणी काढून सरळ करायला गेलं तर हात लावू देईना.

हात अजून थोडा आखूड आहे, बाहेरच्या बाजूला पुरता वळत नाही. खांद्याची आणखी एक शस्त्रक्रिया लागेल असं डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतर ठरवू. व्यायाम रोज आहेतच, कंटाळा तिलाही येतो आणि आम्हालाही.

ताईला बायकोचा नंबर दे. दुपारी तीननंतर फोन कर म्हणावं, सकाळी शाळेच्या घाईत धड बोलणं होत नाही. भाओजींनाही माझ्याशी बोलायचं असेल तर बोलू देत, बाप लोक या सगळ्यात फार गप्प राहतात. आणि आंब्याची पेटी पाठवणार होतास, ती रत्नागिरीहून निघाली का रस्त्यातच कुणी खाल्ली?

तुझा,
बाळू