खोली कोणाला द्यायची नाही, हे ठरवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या ग्रामसभेत नुकताच एक ठराव आला: परप्रांतीय मजुरांना गावात कोणी खोली भाड्याने देऊ नये. गाव गोव्यातल्या बार्देश तालुक्यातले आहे, नाव लिहीत नाही. उगाच एकट्या आमच्या पंचायतीची शोभा नको. ठराव मांडणारे गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे. त्यांच्या वडिलांच्या जन्माची नोंद जुन्या पोर्तुगीज पुस्तकातून मीच शोधून दिली होती. तिच्या जोरावर त्यांनी आणि त्यांच्या दोन्ही मुलांनी पोर्तुगीज पासपोर्ट केले. म्हणजे कायद्याने हे गृहस्थ आता भारताचे नागरिकही नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे राहतात आणि 'भायल्यांना बाहेर काढा' म्हणून टाळ्या घेतात. ग्रामसभेत बसायला मतदार यादीत नाव लागते, हे सचिवांना त्या दिवशी आठवले नसावे.

मी निवृत्त कारकून. नोकरी सगळी जन्म-विवाह नोंदणीत गेली, ओलीने फुगलेल्या आणि कसरीने चाळण केलेल्या पुस्तकांत. 1961 च्या 19 डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुले आणि नातवंडे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मागू शकतात, म्हणून आमच्या टेबलासमोर रांग लागे. या रांगेत फक्त ख्रिस्ती असतात अशी एक समजूत आहे. पेडणे-डिचोलीचे गावकर, नाईक, परब तितक्याच आशेने उभे असत. 2012 ला खाणी बंद पडल्यावर डिचोलीकडून येणारी माणसे वाढलेली मी पाहिली आहेत. ट्रक अंगणात उभा, बँकेचा हप्ता डोक्यावर, मुलगा आयटीआय करून घरी बसलेला. पोर्तुगालवर कोणाचे प्रेम उतू जात होते असे नाही. पासपोर्ट लिस्बनचा आणि नोकरी इंग्लंडची, असा सरळ हिशेब होता. 31 डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्याने, ते दार लागले. आधी गेलेले तिथेच राहिले.

माझा भाचा त्यांपैकीच, स्विंडनला. एका गोदामात रात्रपाळी करतो. 29 जुलै 2024 ला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात नृत्यवर्गातल्या तीन मुलींची हत्या झाली. मारेकरी होडीतून आलेला निर्वासित आहे, अशी खोटी बातमी काही तासांत मोबाइलवर फिरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला, पण तोवर जमाव रस्त्यावर उतरला होता. 4 ऑगस्टला रॉदरहॅमजवळ, आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलला आत माणसे असताना आग लावण्याचा प्रयत्न झाला. त्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, "मामा, कामाक एकट्यान चलत वचूं नाका म्हूण सांगलां." स्विंडन पेटले नव्हते, तरीही त्याची बायको मुलाला घेऊन चार भिंतींत बसून होती. माझी बहीण इकडे म्हापशात देवाला नारळ ठेवत होती.

हा स्विंडनचा राग आला कुठून, याचा थोडा शोध मी घेतला. तिथे होंडाचा मोटारींचा कारखाना होता. वीजगाड्यांचे युग आले म्हणून कंपनीने उत्पादन इतरत्र नेले आणि जुलै 2021 मध्ये कारखाना बंद झाला. साडेतीन हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. हा निर्णय घेणारे लोक स्विंडनच्या बसस्टॉपवर कोणाला दिसत नाहीत. बसस्टॉपवर दिसतो तो माझा भाचा, डबा घेऊन उभा असलेला. नायजेल फराज यांच्या, स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाला 2024 च्या निवडणुकीत 14 टक्के मते आणि 5 जागा मिळाल्या, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत तो सर्वांच्या पुढे गेला. त्याचे पुष्कळसे भांडवल या बसस्टॉपवर जमलेले आहे.

पोर्तुगालची गोष्ट तर आपल्या अधिक जवळची. ज्या देशावर मडगावात वडिलोपार्जित घर असलेल्या आंतोनियु कॉश्ता यांनी आठ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान म्हणून राज्य केले, तिथेच 2019 मध्ये स्थापन झालेल्या शेगा या उजव्या पक्षाने एक, बारा, पन्नास आणि 2025 मध्ये 230 पैकी 60 जागा अशी मजल मारली. 2024 मध्ये फारो जिल्ह्यात हा पक्ष पहिला आला. फारो म्हणजे अल्गार्व्ह, पोर्तुगालचा पर्यटनाचा किनारा. हॉटेले परदेशी पाहुण्यांनी भरलेली, स्थानिक तरुणाला घरभाडे परवडत नाही, स्वयंपाकघरात आणि शेतांत नेपाळी, भारतीय, बांगलादेशी. बार्देशातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. लिस्बनमधली घरे कोणी महाग केली? सुट्टीतल्या पाहुण्यांना चढ्या दराने घरे देणाऱ्यांनी आणि गुंतवणुकीच्या बदल्यात राहण्याचा परवाना विकणाऱ्या सरकारी धोरणाने. पण पोलिसांनी हात वर करून भिंतीकडे तोंड करायला लावले ते बेन्फोर्मोझु रस्त्यावरच्या दुकानांत आणि खाणावळींत आलेल्या आशियाई लोकांना. ती तारीख होती 19 डिसेंबर 2024. आपण इथे मुक्तिदिनाची सुट्टी घेऊन बसलो होतो.

पुढच्या वर्षी शेगाचे नेते आंद्रे व्हेंतुरा यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात फलक लावले, 'हे बांगलादेश नव्हे'. लिस्बनच्या रस्त्यावर डिचोलीच्या परबाकडे पाहणारा त्याचा पासपोर्ट तपासून मग राग धरत नाही. आणि आमच्या वाड्यावर पश्चिम बंगालमधल्या मालद्याहून आलेला गवंडी बंगाली बोलतो, म्हणून त्यालाही बांगलादेशीच म्हणतात.

यावर ठरलेले उत्तर असते की आमची पोरे परदेशात खाली मान घालून काम करतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या वाड्यावर एक आफ्रिकार, म्हणजे आफ्रिकेत राहून परतलेले, कुटुंब होते, युगांडातल्या कंपालाहून आलेले. थोरले बाब तिथे सरकारी हिशेबनीस, खाली मान घालूनच काम केलेले. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा कोणाच्या मानेचा कोन कोणी मोजला नाही.

गावातला राग खोटा आहे असे मी म्हणत नाही. 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख असलेल्या या राज्याची पाण्याची, कचऱ्याची, रस्त्यांची तारांबळ मी रोज पाहतो. भाडेकरूची पोलीस पडताळणी व्हावी, याला माझा पाठिंबा आहे. पण जमीन कोणी संपवली? नगरनियोजन कायद्याचे 17(2) कलम आले, प्रादेशिक आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करण्यासाठी. त्या दुरुस्त्यांत लाखो चौरस मीटर शेते आणि बागायती वस्तीयोग्य झाल्या. इतके अनवधान एखाद्या कारकुनाने दाखवले असते तर त्याचे निवृत्तिवेतन थांबले असते! उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्याचे नियम रद्द केले, तोवर डोंगर कापून झाले होते. व्हिला घेणारा वर्षातून पंधरा दिवस येतो, त्याच्याविरुद्ध ग्रामसभेत ठराव येत नाही, कारण जमीन त्याला आपल्यातल्याच कोणीतरी विकलेली असते. ठराव येतो तो व्हिलाची वीट चढवणाऱ्यावर.

हडफडे आमच्यापासून लांब नाही. डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या नाइट क्लबच्या आगीत 25 जण गेले, त्यांतले बहुतेक तिथले कर्मचारी. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इथली मुले. कित्येक जण तळघरात धुराने गुदमरले. शवपेट्या विमानाने गेल्या. त्या आठवड्यात आमच्या वाड्यावरही सगळे हळहळत होते. त्यांतल्या एखाद्याने आदल्या महिन्यात खोली मागितली असती तर काय उत्तर मिळाले असते, हे मला ठाऊक आहे. आमच्याच गावात एका खोलीत आठ-दहा जण कोंबून माणशी भाडे घेणारे आहेत. संडास एक, पाणी विहिरीचे. घरपट्टी मात्र साध्या राहत्या घराची भरतात. ठरावाच्या बाजूने वर झालेल्या हातांत त्यांचेही हात होते. ठराव झाला तरी खोल्या रिकाम्या होणार नाहीत, भाडे वाढेल आणि पावती कधीच मिळणार नाही.

माझी सौ. चंदगडची. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर तिला 'घाटी' म्हणणाऱ्या बायका होत्या. तिच्या हातची भाकरी आता त्यांच्याच नाती मागून नेतात. ग्रामसभेतून परतल्यावर मी ठराव वाचून दाखवला तर ती म्हणाली, "मग माझी बॅग भरू का?" आणि भात उतरवायला गेली.

पुढच्या ग्रामसभेसाठी मी लेखी उपसूचना दिली आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांची यादी पंचायतीने फलकावर लावावी, दर खोलीत किती माणसे आणि किती संडास ते तपासावे, आणि गेल्या दहा वर्षांत गावातले कोणते सर्व्हे नंबर शेतीतून वस्तीत गेले ते मूळ मालकाच्या नावासह वाचून दाखवावे. मजुरांना खोली द्यावी की नाही, हा ठराव त्यानंतर मतास टाकावा. उपसूचनेला अजून अनुमोदक मिळालेला नाही. आमच्या पंचायतीतल्या वाचकांपैकी कोणी तयार असेल तर त्याने सभेआधी सचिवांकडे नाव द्यावे. मतदार यादीत नाव असल्याची खात्री मात्र करून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त कारकून, बार्देश
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)